तीन बोटं तोंडात मावतात का?

दोस्तांनो, आधी एक गंमत करून बघा. हात स्वच्छ धुवा. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकमेकांना चिकटवा, ती उभी धरा आणि वरच्या नि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून बघा. मावली ना? बहुतेकांची मावतीलच. आता बोटं पुसा आणि माझ्याबरोबर नागपूरला चला. तिथल्या एका दवाखान्यात अशी माणसं येतात की ज्यांच्या तोंडात तीन सोडा, एक बोट घालायचं म्हटलं तरी पंचाईत!

नागपूर म्हटलं की तुम्हाला संत्री आठवतील, दीक्षाभूमी आठवेल, मे महिन्यातलं ऊन आठवेल. पण आज आपण यातलं काहीच बघणार नाही. सीताबर्डीवर उतरलात की ऑटोवाल्याला नुसतं ‘मेडिकल’ म्हणा. तो तुम्हाला औषधाच्या दुकानात नेणार नाही, बरं का! नागपुरात ‘मेडिकल’ म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली ते सुरू झालं. त्याच्यासमोरच्या चौकाचं नावही मेडिकल चौक. आवार एवढं मोठं की पहिल्यांदा आलेला माणूस चुकतोच. इथे नुसते नागपूरकर नसतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, शिवाय मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा-बालाघाटचेही लोक डबा नि चादर घेऊन आलेले दिसतात.

या गर्दीकडे वैतागून बघणारे पुष्कळ. पण इथल्या काही डॉक्टरांनी ती निराळ्या नजरेनं पाहिली. डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या लोकांच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या लाल पेशी असतात हे दाखवणारा लेख १९५८ साली ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात छापला. हाच तो सिकलसेल. आज विदर्भातल्या शाळांमधूनही त्यासाठी रक्त तपासतात. दारात आलेल्या माणसांमध्येच संशोधनाचा विषय सापडतो, तो असा.

आपल्याला जायचंय ते मात्र याच आवारातल्या दातांच्या कॉलेजात. शासकीय दंत महाविद्यालय १९६८ साली सुरू झालं. नाव दातांचं असलं तरी इथे दात चांगले असलेलेही येतात. तक्रार काय? ‘साहेब, तोंडच उघडत नाही.’

सुरुवात साधी असते. तिखट सोसेनासं होतं. सावजी रस्सा चापणाऱ्या नागपूरकराला साधी फोडणीची डाळसुद्धा झोंबायला लागते! मग गालाची आतली गुलाबी, मऊ त्वचा पांढुरकी नि ताठ होते. गालात आतून दोरीसारखे पट्टे हाताला लागतात. शिट्टी वाजत नाही, फुगा फुगवता येत नाही, जीभ पुरती बाहेर येत नाही. शेवटी घास बारीक करून आत सरकवावा लागतो. या आजाराचं नाव आहे ओरल सबम्युकस फायब्रोसिस. नाव लांबलचक आहे, अर्थ एवढाच की तोंडातल्या त्वचेखाली तंतूंचं जाळं घट्ट विणलं जातं.

१९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय बायकांमध्ये हा आजार पाहून त्याचं वर्णन केलं. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशी यांनी त्यावर लिहिलं. पण हे जाळं विणतं कोण? कुणी म्हणे मिरची, कुणी म्हणे सकस अन्नाची कमतरता.

नागपुरात संशय होता खर्ऱ्यावर. विदर्भाबाहेरच्या दोस्तांना सांगतो. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घेऊन खूप वेळ घोटायचा, की झाला खर्रा. पानठेल्यावर हे घोटणं सतत चालू असतं. पुडी खिशात, चिमूट गालात, असा दिवस जातो.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे! समजा, सहलीला गेलेल्या तुमच्या वर्गातल्या दहा जणांचं पोट बिघडलं. विचारलं तर दहाही जणांनी पाणीपुरी खाल्लेली. पाणीपुरी दोषी? थांबा. ज्यांचं पोट ठणठणीत आहे त्यांनाही विचारायला हवं. त्यांनीही सगळ्यांनी पाणीपुरी खाल्ली असेल तर दोष दुसऱ्याच कशाचा तरी. मला वाटतं, ही दुसरी रांग उभी करणं हीच संशोधनातली खरी हुशारी.

दंत महाविद्यालयातले डॉ. व्ही. के. हजारे, डॉ. आर. आर. गोयल आणि मुंबईचे डॉ. पी. सी. गुप्ता यांनी नेमकं हेच केलं. एका रांगेत तोंड आखडलेले २०० रुग्ण. दुसऱ्या रांगेत १९७ माणसं, त्याच वयाची, पण हा आजार नसलेली. दोघांना तेच प्रश्न. काय खाता? दिवसातून किती वेळा? किती वर्षांपासून? उत्तरं १९९८ साली छापून आली. दोन रांगांमधला मोठा फरक होता सुपारीचा. आजारी माणसांच्या रांगेत सुपारी न खाणारा शोधावा लागत होता. आणखी एक गोष्ट काळजीची निघाली. बायकांपेक्षा पुरुषांना हा आजार जास्त, आणि तोही लहान वयात होत होता. खर्रा नि गुटख्याच्या पुड्या तरुण मुलांच्या हाती पडल्याचा हा परिणाम.

सुपारीच का? तिच्यात अरेकोलीन नावाचं द्रव्य असतं. ते त्वचेखालच्या पेशींना तंतू विणायला भाग पाडतं. सुपारीतलं तांबं त्या तंतूंच्या गाठी पक्क्या करतं. शरीराला मग ते जाळं उसवता येत नाही. इथे एक मोठा गैरसमज आहे. ‘तंबाखू नाही ना, मग झालं! साधी गोड सुपारी तर आहे,’ असं म्हणत घरातलीच मोठी माणसं मुलांच्या हातावर सुपारी ठेवतात. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ साली जाहीर केलं की तंबाखू नसली तरी सुपारी स्वतःच कर्करोग करते. केरळात असं तोंड आखडलेल्या ६६ जणांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं होतं. त्यांतल्या पाच जणांना तोंडाचा कर्करोग झाला.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकायचे नाहीत, असा कायदा तर २००३ सालचा. पण खर्ऱ्याला कारखाना कुठे लागतो? पन्नी आणि दोन हात पुरतात.

आणि तुमची तीन बोटं मावली नाहीत, तर घाबरू नका हं. अक्कलदाढ सुजली तरी तोंड कमी उघडतं. घरी सांगा, दाताच्या डॉक्टरांना दाखवा.

आखडलेलं तोंड पुन्हा उघडतं का? पूर्वीसारखं नाही. सुपारी पहिल्याच दिवशी बंद करायची. मग गालात इंजेक्शनं, फारच आखडलं असेल तर शस्त्रक्रिया करून पट्टे कापायचे. आणि रोजचा व्यायाम. त्यासाठी लागतात आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या! दातांमध्ये मावतील तेवढ्या काड्या एकावर एक ठेवून धरायच्या, दुखलं तरी धरायच्या. काही दिवसांनी त्यात एक काडी वाढवायची. एका काडीची जाडी जेमतेम दोन मिलिमीटर. तेवढं तोंड जास्त उघडलं, तरी त्या आठवड्यात रुग्ण आणि डॉक्टर दोघंही खूश असतात.