भावराव

बाद फेरीच्या सामन्याला सगळ्यांच्या आधी हजर होतात ते भावराव. संघ अजून हॉटेलात पोचायचे असतात, कुणाचा गुडघा सुजलाय आणि कुणाला कार्डामुळे बाहेर बसावं लागणार याचा हिशेब प्रशिक्षक करत असतात, आणि हे गळ्यात तीन आकडे अडकवून दारात उभे. एक आकडा या संघाचा, एक त्या संघाचा, आणि मधला बरोबरीचा. ज्या फेरीत कुणीतरी एक घरी जाणारच, तिथे बरोबरीचा आकडा कशाला, असं नवख्याला वाटतं. भावरावांचा सगळा स्वभाव त्या मधल्या आकड्यात आहे. ओळख वाढली की कळतो.

पैज लावणं माणसाला नवं नाही, पण भावरावांना राजरोस दुकान मिळालं ते ब्रिटनमध्ये, १ मे १९६१ रोजी. त्याआधी फुटबॉलवर पैसे लावणारा साधा माणूस पूल्सचं, म्हणजे सामन्यांचे निकाल ओळखायचं, कूपन भरायचा. लिव्हरपूलमध्ये जॉन मूर्स यांनी १९२३ मध्ये लिटलवुड्स या नावानं तो धंदा सुरू केला होता. ही दुकानं राजरोस करणाऱ्या नव्या कायद्यानं भावरावांना छप्पर दिलं, पण आरामात बसू दिलं नाही. रस्त्यावरून आतलं दिसता कामा नये, आणि आत माणूस रेंगाळेल अशी सोय करायची नाही. गिऱ्हाईक मुख्यतः घोड्यांचं, फुटबॉल मागच्या बाकावर. आजही त्या दुकानांत भिंतीला लागून उंच फळी असते, तिच्यावर कोऱ्या स्लिपांची गड्डी आणि बोटभर लांबीची पेनं. पेन इतकं आखूड की त्यानं पत्र लिहायला कुणी बसणार नाही. संघाचं नाव, रक्कम, संपलं.

भावराव फुकट राबत नाहीत. समजा, त्यांनी एका संघाला २.१०, बरोबरीला ३.३० आणि दुसऱ्या संघाला ३.८० असा भाव दिला. म्हणजे पहिल्या संघावर एक रुपया लावला आणि तो जिंकला, तर मूळ रुपया धरून दोन रुपये दहा पैसे हातात. आता प्रत्येक आकड्यानं शंभराला भागून पाहा. ४७.६, ३०.३ आणि २६.३ येतात. बेरीज १०४.२. सामन्याचा निकाल लागण्याची शक्यता शंभर टक्क्यांपेक्षा जास्त कशी असेल? नसतेच. वरचे चार आणि थोडं ही भावरावांची दलाली आहे, आणि ती त्यांनी तीनही आकड्यांत इतकी बेमालूम मुरवलेली असते की नुसतं बघून सापडत नाही. पावतीवर ती कधी वेगळी लिहून येत नाही.

त्यांना सर्वज्ञ म्हणवून घ्यायला फार आवडतं. दशांशाच्या दुसऱ्या घरापर्यंत आकडा सांगतात आणि चेहरा असा करतात की उद्याचं वर्तमानपत्र यांनी आजच वाचलंय. प्रत्यक्षात पहिला आकडा तेवढा गणितातून येतो. पुढचे सगळे येतात ते लोकांच्या खिशाकडे कान लावून. एका संघावर पैसा पडायला लागला की त्याचा भाव उतरतो आणि समोरच्याचा चढतो. याची सगळ्यांत ठसठशीत जागा म्हणजे इंग्लंडचा सामना. ब्रिटिश दुकानांत इंग्लंडवर पैसा पडतो तो खेळ पाहून कमी आणि जीव जडला म्हणून जास्त. १९६६ नंतर त्या संघानं वर्ल्ड कप जिंकलेला नसला, तरी स्पर्धा आली की भावराव इंग्लंडला वरच्या रांगेत बसवतात, आणि त्या संघाचा भाव त्याच्या खेळापेक्षा नेहमी थोडा बारीक ठेवतात. हे अज्ञान नाही, गिऱ्हाइकाची नस त्यांना सापडलेली आहे. म्हणून मी त्यांना भविष्यवेत्ता मानत नाही, पण गर्दीच्या मनाचा इतका नेमका वाचक मला दुसरा ठाऊक नाही.

आणि नेमका वाचकही चुकतो. २००४ च्या युरो स्पर्धेआधी ग्रीसचा भाव दीडशेला एकच्या घरात होता. ग्रीसनं गतविजेत्या फ्रान्सला १-० नं घरी पाठवलं, मग चेक प्रजासत्ताकाला १-०, आणि ४ जुलैला लिस्बनमध्ये यजमान पोर्तुगालला पुन्हा १-०. भावरावांनी पैसे चुकते केले, पुढच्या स्पर्धेचे आकडे लावले आणि त्याच आत्मविश्वासानं दारात उभे राहिले. पश्चात्ताप त्यांच्या स्वभावात नाही.

परदेशी गेले की वेश बदलतात. लंडनच्या दुकानात ११/१०, पॅरिसमध्ये २.१० आणि लास वेगासमध्ये +११० असं लिहिलेलं दिसलं तर तीन वेगळी माणसं समजू नका. तिन्ही ठिकाणी तेच आहेत. आशियात मात्र त्यांचा स्वभावच पालटतो. इंडोनेशियाकडून आलेल्या हँडिकॅपच्या रिवाजात ते तगड्या संघाच्या पायात अर्ध्या किंवा एका गोलाचं ओझं बांधतात, आणि बरोबरीला उभं राहायला जागाच ठेवत नाहीत. युरोपात जिला मधली खुर्ची दिली, तिला इथे दाराबाहेर.

त्या मधल्या खुर्चीकडे येऊ या. भावरावांचं घड्याळ फक्त ९० मिनिटांचं आहे. इंज्युरी टाइम त्यात धरतात, जादा वेळ धरत नाहीत, पेनल्टी शूटआउट तर नाहीच. ९० मिनिटं झाली, शिट्टी वाजली, त्या तीन आकड्यांचा निकाल लागला. पुढे मैदानात काहीही होवो.

१८ डिसेंबर २०२२, लुसेल स्टेडियम, अर्जेंटिना आणि फ्रान्स. मेस्सीची पेनल्टी, डी मारियाचा गोल, मध्यंतराला २-०. एकोणऐंशी मिनिटं होईपर्यंत अर्जेंटिनाच्या स्लिपा धरून बसलेल्यांनी मनातल्या मनात पैसे मोजून ठेवले असणार. ८० व्या मिनिटाला एम्बापेची पेनल्टी, ८१ व्या मिनिटाला त्याचाच दुसरा गोल. २-२. भावरावांचं घड्याळ तिथे थांबलं. जादा वेळेत १०८ व्या मिनिटाला मेस्सीनं पुन्हा गोल केला, ११८ व्याला एम्बापेनं तिसरा केला, मग शूटआउट ४-२, मग मेस्सीच्या खांद्यावर तो काळा झिरझिरीत अंगरखा आणि हातात कप. ज्यांनी ९० मिनिटांच्या खिडकीवर ‘अर्जेंटिना’ लिहिलं होतं ते कप उचललेला पाहत हरले. ज्यांनी ‘बरोबरी’ लिहिलं होतं, ते जिंकले. कप कोण उचलणार याची खिडकी शेजारीच असते, तिथल्या अर्जेंटिनाच्या स्लिपा वटल्या. दोन्ही खिडक्यांवर एकच माणूस बसतो, पण एका खिडकीवर दिलेला शब्द तो दुसऱ्या खिडकीवर मोजत नाही. अटी वाचल्याशिवाय लावणाऱ्यांचं भांडण नेमकं इथे होतं, आणि भांडणात भावराव कधी आवाज चढवत नाहीत. नियमाच्या ओळीवर बोट ठेवतात.

हा योगायोग म्हणून सोडून देऊ नका. वर्ल्ड कपचे अंतिम सामनेच काढा. २००६ ला बर्लिनमध्ये ९० मिनिटांना १-१, २०१० ला जोहान्सबर्गमध्ये ०-०, २०१४ ला रिओमध्ये ०-०, आणि २०२२ चं वर सांगितलंच. २००६ ते २०२२ च्या पाच अंतिम सामन्यांत एकट्या २०१८ च्या फ्रान्सनं क्रोएशियाला वेळेत हरवलं. पोर्तुगालनं तर २०१६ चा युरो कप जिंकला तोवर सात सामने खेळून झाले होते, आणि ९० मिनिटांत जिंकलेला त्यांतला सामना एकच, वेल्सविरुद्धचा. बाद फेरीत संघ जिंकायला कमी आणि न हरायला जास्त उतरतात. एक चूक झाली की चार वर्षं वाट पाहायची, या धाकानं पाय आखडतात. भावरावांनी ती मधली खुर्ची उगाच मांडलेली नाही.

क्रोएशियाशी त्यांचं खास नातं आहे. २०१८ च्या वर्ल्ड कपात डेन्मार्क, रशिया आणि इंग्लंड. २०२२ मध्ये जपान आणि ब्राझील. बाद फेरीचे हे पाचही सामने ९० मिनिटांना बरोबरीत होते आणि पाचही वेळा पुढच्या फेरीत गेलं क्रोएशिया. मॉड्रिचच्या संघावर जीव टाकणाऱ्यानं दर वेळी ‘क्रोएशिया जिंकणार’ असं लिहिलं असतं, तर संघ पुढे जात राहिला असता आणि त्याच्या स्लिपा कचऱ्यात.

पूर्वी सामना सुरू झाल्याची शिट्टी वाजली की भावरावांची सुट्टी असे. १९६६ च्या वर्ल्ड कपात २३ जुलैला गुडिसन पार्कवर उत्तर कोरियानं पोर्तुगालविरुद्ध २५ मिनिटांत तीन गोल केले, तेव्हा पोर्तुगालवर पैसे लावलेल्याला स्लिप खिशात घालून बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तो बसला, युसेबिओनं चार गोल केले, पोर्तुगाल ५-३. आता त्या पहिल्या शिट्टीनंतर भावरावांचा खरा दिवस सुरू होतो. सेकंदासेकंदाला आकडा हलतो. पेनल्टीची शंका आली, पंच व्हिडिओ पाहायला निघाले, की आकड्याच्या जागी कुलूप. आणि ते आपल्या आधी दचकतात. मोबाइलवर सामना मैदानापेक्षा काही सेकंद मागे चालतो, भावरावांची माणसं मात्र मैदानातच बसलेली असतात. पडद्यावर चेंडू अजून मधल्या वर्तुळात आहे आणि इकडे कुलूप पडलेलं, असं दिसलं तर खुशाल समजा की काहीतरी घडून गेलंय.

त्यांचा सगळ्यांत गोड आवाज ‘कॅश आउट’च्या बटणात आहे. संघ एका गोलानं पुढे, वीस मिनिटं उरलीत, आणि हे विचारतात, आत्ताच थोडे कमी घेऊन घरी जाता का? ३० जून २०२४ ला, युरोच्या बाद फेरीत, स्लोवाकियावर पैसे लावून बसलेल्यांनी ९४ व्या मिनिटालाही इंग्लंडला एका गोलानं मागे पाहिलं होतं. ९५ व्या मिनिटाला इंग्लंडच्या बेलिंगहॅमनं उलटी उडी मारून चेंडू जाळ्यात घातला. १-१, घड्याळ बंद, मधली खुर्ची पुन्हा जिंकली. त्या सामन्यात ज्यांनी बटण आधी दाबलं, त्यांना भावरावांनी शहाणं ठरवलं. पण हे बटण ते दाखवतात तेव्हा तिथेही दलाली कापलेली असते.

इथवर मी त्यांच्याबद्दल मायेनं बोलत आलो. एक गोष्ट मात्र मला मुळीच आवडत नाही. जो सातत्यानं जिंकतो, त्याचं खातं ते आखडतात. पन्नास पाउंड लावू म्हटलं तर दोनच लावा म्हणतात. जो सातत्यानं हरतो, त्याला वाढदिवसाला फुकट पैज पाठवतात. गिऱ्हाइकाची नस ओळखणारी हीच नजर हरणाऱ्या माणसाचा पगाराचा दिवसही ओळखते. ब्रिटनला एप्रिल २०२० मध्ये क्रेडिट कार्डावर जुगार खेळायला बंदी घालावी लागली, कारण लोक उसन्या पैशांवर लावत होते. घर मोडतं ते एका मोठ्या सामन्यानं नाही. मोठा सामना चार वर्षांतून येतो, आणि भावराव तर मधल्या प्रत्येक मंगळवारी, कुठल्या तरी दुसऱ्या विभागाच्या सामन्याचा आकडा घेऊन हजर असतात.

आपल्याकडे त्यांना उजळ माथ्यानं उभं राहायला मिळतं ते महालक्ष्मीसारख्या रेसकोर्सवर, तेही घोड्यांपुरतं. घोड्यांची शर्यत कौशल्याची आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये ठरवलं. फुटबॉलसाठी मुंबईत १८८७ चा जुगारबंदीचा कायदा आहे, आणि २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. त्यामुळे इथे भावराव खालच्या आवाजात, फोनवर, ‘लगाई’ आणि ‘खाई’च्या बोलीत वावरतात. बुडालेला पैसा मागायला इथे कुठलीही खिडकी नाही, आणि नियमाच्या ओळीवर बोट ठेवायला ओळही नाही.

शेवटचं दर्शन शूटआउटचं. ६ जुलै २०२४, ड्युसेलडॉर्फ, युरोची उपांत्यपूर्व फेरी, इंग्लंड आणि स्वित्झर्लंड. इंग्लंडची चौथी पेनल्टी मारायला आला आयव्हन टोनी. वर्षभरापूर्वी फुटबॉल असोसिएशनच्या पैजेच्या नियमांचा २३२ वेळा भंग केल्याबद्दल आठ महिने खेळाबाहेर बसलेला हा माणूस. चेंडूकडे त्यानं पाहिलंच नाही. गोलरक्षक सोमरच्या डोळ्यांत पाहत धावत आला आणि गोल केला. इंग्लंड ५-३ नं पुढच्या फेरीत गेलं. एम्बोलो आणि साका यांच्या गोलांनी ९० मिनिटं १-१ वर संपली होती, आणि ‘बरोबरी’ लिहिलेल्या स्लिपांचे पैसे टोनी चेंडू ठेवत होता तेव्हाच ठरून गेले होते.