गप्प बसण्याचा उद्योग

बोलणे हा माझा धंदा आहे. वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवीत आहे. वर्गात एखादा विद्यार्थी वाक्याच्या मध्यावर थबकला, की ते वाक्य पुरे करून दिल्यावाचून मला राहवत नाही. समारंभात आभार मानणारा चाचरला, तर पहिल्या रांगेतून हळूच शब्द पुरवणारा मीच. एस. टी.त शेजारचा प्रवासी "ते आपलं हे... काय म्हणतात त्याला..." असे म्हणू लागला, की मी त्याच्यापुढे तीन पर्याय ठेवतो. शब्दांचे अन्नछत्रच म्हणा ना! आणि याला मी आजवर परोपकार समजत आलो होतो.

अशा माणसाच्या घरी बोलताना अडखळणारा मुलगा जन्मावा, ही दैवाची गंमत म्हणायची. आमचे चिरंजीव आता नऊ वर्षांचे आहेत. चार वर्षांचा असताना त्याची जीभ काही अक्षरांपाशी अडू लागली. 'क' आणि 'प' ही तर त्याच्या वाटेवरची जकातनाकीच! तिथे तो थांबतो, मान ताणतो, डोळे मिटून घेतो. आणि तो थांबला रे थांबला, की मी धावत असे. "कागद? कात्री? कपाट?" त्याने मान हलवली, की मला कोडे सुटल्याचा आनंद होई.

गेल्या जून महिन्यात एके दिवशी तो शाळेतून आला आणि दप्तर न उतरवताच म्हणाला, "बाबा, आज मी प... प..."

"पावसात भिजलास?" मी म्हटले.

त्याने मान हलवली आणि आत निघून गेला. त्याचा सदरा कोरडा होता, हे मी पाहिले. पण कोडे सुटले होते ना! रात्री हिने सांगितले, वर्गात धडा मोठ्याने वाचताना तो अडला, मुले हसली, आणि पहिल्या बाकावरून उठून तो शेवटच्या बाकावर जाऊन बसला. त्याला सांगायचे होते ते 'पहिल्या' बाकाविषयी.

त्या रात्री मला झोप आली नाही. पाच वर्षे मी समजत होतो, की मुलगा माझ्या शब्दाला होकार देतो आहे. तो फक्त सुटका करून घेत होता. माझ्यापासून.

मग आम्ही त्याला एका स्पीच थेरपिस्ट बाईंकडे नेले. आईबापांमुळे मूल अडखळू लागत नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकले. त्याची मुळे मेंदूच्या घडणीत आणि पुष्कळदा घराण्यात असतात. मुलींपेक्षा मुलांत ते अधिक आढळते. लहानपणी अडखळणारी बरीचशी मुले पुढे सुरळीत बोलू लागतात, काही मात्र अडखळतच राहतात. हे ऐकून मी जरा निर्धास्त होतो आहे, तोच त्यांनी मलाच पथ्य सांगितले. त्याचा शब्द आपण पुरा करायचा नाही. 'हळू बोल', 'श्वास घे' असे म्हणायचे नाही. स्वतः जरा संथ बोलायचे, त्याच्याकडे नेहमीसारखे पाहायचे आणि थांबायचे.

"म्हणजे मी नक्की करायचं काय?" मी विचारले.

"काही नाही, सर," बाई हसून म्हणाल्या.

वीस वर्षांच्या मास्तरकीत इतका अवघड गृहपाठ मला कुणी दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी ही कैफियत मांडली, तेव्हा इतिहास शिकवणाऱ्या आमच्या स्नेह्यांनी च्वांगत्सेच्या इंग्रजी भाषांतराचे पुस्तक माझ्या हातात ठेवले. च्वांगत्से हा इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला चिनी विचारवंत. त्याच्या आणि लाओत्सेच्या विचारात 'वू वेई' हा शब्द फार महत्त्वाचा. 'वू' म्हणजे नाही, 'वेई' म्हणजे करणे. लाओत्सेच्या नावावरचे पुस्तक ८१ लहान प्रकरणांचे, साधारण ५,००० चिनी अक्षरांचे आहे. न करण्याची महती सांगायला त्यालाही इतकी अक्षरे खर्चावी लागली, हे पाहून मला मोठा धीर आला!

'न करणे' याचा मी प्रथम सोयीचा अर्थ लावला. रविवारी आरामखुर्चीत पडल्या पडल्या तो मी हिला समजावून सांगू लागलो. "अहो, तुमचं ते चिनी तत्त्वज्ञान आधी भाजी आणा आणि मग सांगा," असे म्हणून हिने पिशवी माझ्या मांडीवर टाकली. पुढे पुस्तक नीट वाचल्यावर कळले, की हिचाच अर्थ च्वांगत्सेला अधिक जवळचा होता.

कारण त्याने सांगितलेली गोष्ट आळशाची नाहीच. ती एका कसबी माणसाची आहे. तिंग नावाचा स्वयंपाकी आपल्या राजासमोर बैल कापतो. गोष्ट आपल्या मनाला जरा खटकणारी, पण तिचे मर्म ऐका. सामान्य स्वयंपाक्याला दर महिन्याला नवी सुरी लागते, कारण तो हाडावर घाव घालतो. चांगल्याला दर वर्षी लागते. तिंगची सुरी मात्र १९ वर्षे झाली, हजारो जनावरे कापली, तरी नुकती सहाणेवर घासल्यासारखी. का? तर तो हाडाशी झुंजत नाही. सांध्यांत मुळातच फट असते. पातळ पाते तिथून सहज जाते. आणि एखादी अवघड गाठ आली, की तो काय करतो? जोर लावीत नाही. सावध होतो, नजर स्थिर करतो, हात अगदी मंद करतो. सुरी जेमतेम हलते आणि गाठ सुटून पडते.

हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले. गाठ आली की माझा हात मंद होत नव्हता. तो घाव घालीत होता. 'कागद', 'कात्री', 'कपाट' हे ते घाव.

मराठीच्या अध्यापकाला इथे गीतेतले अकर्म आठवणारच. मलाही आठवले. पण मला वाटते, गीतेचा रोख फळाच्या आसक्तीवर आहे आणि या चिनी मंडळींचा रोख हाताच्या जबरदस्तीवर. माझी आसक्ती तशी निर्मळ होती. मुलाने नीट बोलावे एवढीच. हात मात्र जड होता.

झाले! मी वू वेई सुरू केले. तो 'क'पाशी अडला, की मी ओठ घट्ट मिटी, दोन्ही हात मांडीखाली दाबी आणि चेहऱ्यावर प्रसन्न शांती धारण करी. चौथ्या दिवशी चिरंजीव काळजीने म्हणाले, "बाबा, तुमचं प... पोट दुखतंय का?"

न करण्याचा मी केवढा खटाटोप करीत होतो! ठरवून झोप येत नाही, विसरलेले नाव डोके खाजवून आठवत नाही, तसेच हे. मी गप्प बसत होतो खरा. पण ते गप्प बसणे म्हणजे दारात घड्याळ घेऊन उभे राहणे होते.

मग गेल्या रविवारची गोष्ट. आम्ही दोघे गच्चीत आकाशकंदील करीत बसलो होतो. समोर अजिंक्यताऱ्यावर ऊन कलत होते. कामट्यांचा सांगाडा त्याने धरला होता आणि मी दोरा बांधीत होतो. दोऱ्याची निरगाठ बसली होती. ती नखाने सोडवताना मी तिच्यात असा गुंतलो, की वू वेईही विसरलो.

"बाबा, क... क..."

मी मान वर केली. गाठ बोटांत तशीच होती. कात्री, कागद, कंदील यांपैकी एकही शब्द माझ्या ओठांवर आला नाही. का, ते ठाऊक नाही. घाईच नव्हती.

"क... क... कधी तुमचापण शब्द अडतो का?"

हा प्रश्न माझ्या कोणत्याही पर्यायांत बसला नसता. आणि गंमत अशी, की अन्नछत्र चालवणाऱ्या मला उत्तराचा शब्द सापडेना. मी "म्हणजे... तसं..." करीत राहिलो. तो माझ्याकडे पाहत थांबला. त्याने शब्द पुरवला नाही.

"अडतो," मी शेवटी म्हणालो.

त्याने समजल्यासारखी मान हलवली. ही मान निराळी होती. मग कामट्या सावरीत त्याने मला शाळेतली ती पहिल्या बाकाची गोष्ट सांगितली. बराच वेळ लागला. तोवर अंधार पडला आणि खाली हिने दिवा लावला. ती गोष्ट मला आधीच ठाऊक होती, हे मी त्याला सांगितले नाही.

तो अजूनही अडखळतो. मी अजूनही आठवड्यातून दोनदा तरी मध्येच शब्द टाकतो आणि जीभ चावतो. १९ वर्षांची सुरी काही चार महिन्यांत हाती येत नाही.

कंदील आता दारात टांगला आहे. तो एका बाजूला चांगलाच कलला आहे. सरळ करावा म्हणून माझे हात दोनदा शिवशिवले. दोन्ही वेळा मी पिशवी उचलली आणि भाजी आणायला गेलो.