वडिलांचं डायलिसिस आणि ७५ टक्के हजेरी

सत्र संपत आलं की दवाखान्यात कॉलेजच्या मुलामुलींची गर्दी वाढते. आजारी असतात म्हणून नव्हे, हजेरी कमी पडलेली असते म्हणून. बहुतेक जण टायफॉईड नाहीतर कावीळ मागतात, म्हणजे त्या आजाराचं सर्टिफिकेट. पंधरा-वीस दिवस भरून काढायला हे दोन आजार पुरतात, हे त्यांना पाठ असतं. यातल्या नुसत्या आळशी मंडळींबद्दल मला काही लिहायचं नाही.

पण त्यांच्यात एकदा एक मुलगी आली. एम.एस्सी.चं दुसरं वर्ष. वडिलांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. आई पॅकिंगच्या कामाला जाते, तिने सुट्टी घेतली की त्या दिवसाची मजुरी बुडते. भाऊ शाळेत. म्हणजे वडिलांबरोबर जाणार ही.

"मॅडम, मला टायफॉईड लिहून द्या ना," ती म्हणाली. "बाबांचं डायलिसिस चालत नाही. कॉलेजात म्हणाले, स्वतःच्या आजाराचं सर्टिफिकेट आण."

डायलिसिस एका वेळी साधारण चार तास चालतं. मशीनला जोडणं, सुया काढल्यावर रक्त थांबेपर्यंत दाबून धरणं, येणं-जाणं धरलं तर दिवस गेलाच. दोन-तीन दिवस शरीरात साठलेलं पाणी त्या चार तासांत काढलं जातं. त्यामुळे बीपी उतरू शकतं, पायात गोळे येतात, उठताना गरगरतं. रुग्णाला एकट्याने बसने घरी पाठवणं धोक्याचं असतं, म्हणून सोबतीला माणूस हवं. आता हजेरीचा हिशोब करा. आठवड्याचे सहा दिवस कॉलेज, त्यातले दोन गेले. चार दिवसांची हजेरी होते ६७ टक्के. डायलिसिस आठवड्यातून तीनदा असेल तर ५० टक्के. बाकी एकही दिवस चुकवला नाही, तरी ७५ टक्के गाठणं शक्यच नाही.

टायफॉईड मी लिहिलं नाही. खोटं सर्टिफिकेट देणं हा डॉक्टरसाठी गैरवर्तनाचा भाग आहे, त्यापायी नोंदणी रद्द होऊ शकते. पण समजा दिलं असतं, तरी एकच सत्र निघालं असतं. पुढच्या सत्रात कावीळ, आणि त्यानंतर? मूत्रपिंड बदललं जात नाही तोवर डायलिसिस सुरूच राहणार. शिवाय आपल्या वर्गातली एक मुलगी आठवड्यातले दोन दिवस कुठे असते, हे कॉलेजला कधी कळलंच नसतं.

त्याऐवजी वडिलांना विचारून, त्यांच्या परवानगीने, एक पत्र दिलं. आजार काय, डायलिसिस कोणत्या वारी आणि किती वाजता, सोबत माणूस का लागतं, ते मुलगी करते, आणि हे किती काळ चालेल. रुग्णाची माहिती त्याला न विचारता कॉलेजला कळवता येत नाही, अगदी मुलीच्या भल्यासाठीसुद्धा नाही. दुसरं म्हणजे डायलिसिस सेंटरला पाळ्या असतात. अनेक घरांना हे विचारायचं सुचत नाही. सकाळची पहिली पाळी मिळाली, तर दुपारची प्रॅक्टिकल्स गाठता येतात. पत्र पाहून विभागप्रमुखांनी प्रॅक्टिकलची बॅच बदलून दिली. थिअरीच्या हजेरीचा अर्ज प्राचार्यांकडे आहे, अजून उत्तर नाही.

बाळंतपणाच्या बाबतीत परिस्थिती थोडी बरी आहे. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा देता येते, हे यूजीसीच्या २०१६ च्या आणि नंतर २०२२ च्या नियमांत आहे. पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठीही प्रसूती रजेचे व हजेरीच्या सवलतीचे नियम करा, असं यूजीसीने डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठांना कळवलं. नोकरदार आईला बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन जादा सुट्ट्या, ही तरतूद तर १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यापासूनचीच. पण पाजायचं कुठे? विभागात कडी लागणारी एक खोली आणि फ्रिजमध्ये एक कप्पा मिळाला तरी पुष्कळ काम होतं. दूध वेळेवर काढलं नाही तर छातीत गाठी होतात, ताप येतो, आणि साठून राहिलेल्या दुधामुळे पुढचं दूध बनणंही कमी होतं. काढलेलं दूध फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या काही जणी बाळ दोन महिन्यांचं असतानाच वर्गात उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. तास घेतला तरच पैसे मिळणार असतील, तर रजेचा कागद काय कामाचा?

हे सगळे नियम आईचे आहेत. वडिलांची सेवा करणारी मुलगी, स्मृतिभ्रंश झालेल्या आईला अंघोळ घालून मग लेक्चर घ्यायला जाणारा प्राध्यापक, यांच्यासाठी विद्यार्थ्यांच्या अर्जात रकाना नसतो आणि शिक्षकांच्या बोलण्यात विषय नसतो. मुलग्यांचं तर आणखी अवघड. "घरी बायका नाहीत का?" असा प्रश्न एका रिसर्च करणाऱ्या मुलाला विचारला गेला होता.

अशी माणसं माझ्याकडे स्वतःसाठी येतात ती फार उशिरा. रुग्णाला उचलून-बसवून धरलेली कंबर, तुटक झोप, कधीच न मोजलेलं बीपी. म्हणून रुग्णासोबत आलेल्याला खुर्चीत बसवून त्याचंही बीपी मी बघते. त्या मुलीचं वजन सहा महिन्यांत पाच किलो उतरलं होतं. तपासण्या केल्या, सगळ्या नॉर्मल आल्या. डायलिसिसच्या दिवशी ती वडिलांचा डबा नेत होती, स्वतःचा नेत नव्हती.

तुमच्या घरी असं दुखणं असेल, तर सत्राच्या सुरुवातीलाच डॉक्टरांकडून खरं पत्र घ्या. विभागप्रमुखांकडे लेखी अर्जासोबत द्या, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. पत्रात वार आणि वेळ लिहायला डॉक्टरांना आवर्जून सांगा, नाहीतर आम्ही घाईत नुसतं "उपचार सुरू आहेत" एवढंच लिहून देतो.