इनामगावचे पाय

१५०० मीटरचा माझा सगळ्यात चांगला टाइम ६ मिनिटं १० सेकंद. कशेळीत, गोदामांकडे जाणाऱ्या कंटेनरची गर्दी व्हायच्या आत, पहाटे काढलेला. म्हणजे ताशी साधारण साडेचौदा किलोमीटर. दिवसभर खुर्चीत बसून कोड लिहिणाऱ्यासाठी ठीकच. पण मित्रांमध्ये हा आकडा सांगितला की कोणीतरी म्हणतंच, "आदिमानव याच्या दुप्पट पळायचा. आपली शरीरं बाद झालीत यार."

खरंच?

जमिनीत पळण्याचा वेग उरतो तो दोन पावलांमधल्या अंतरात. ऑस्ट्रेलियात विलांड्रा तलावांपाशी सुमारे २०,००० वर्षांपूर्वीचे ठसे सापडले. त्यातल्या एका माणसाचा वेग संशोधकांनी ताशी २० किलोमीटरच्या आसपास काढला. पुढे एका पुस्तकाने तो ३७ वर नेला आणि गाजला तोच आकडा. पण ठसे बोलतात ते काही पावलांपुरतं. २०च्या वेगाने १५०० मीटर साडेचार मिनिटांत होतील, हा हिशोब माझा. तो माणूस तेवढं टिकला असता का, हे चिखल सांगत नाही. शंभर मीटर कोणीही जीव तोडून पळतं. दम निघतो तो त्यानंतर. आणि दमाचा ठसा उमटत नाही.

आपल्याकडे तर आणखी पंचाईत. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची दफनं घरांच्या जमिनीखाली मिळाली. मोठ्या माणसांची पावलं बहुतेक वेळा घोट्यापासून तोडलेली. गेलेला माणूस उठून निघून जाऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

मग उरतात जिवंत माणसं. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२४मध्ये पॅरिसला ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत पूर्ण केली. ताशी २२ किलोमीटर, वाटेत २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या. शरीर आपल्याच काळातलं, आपल्याच मातीतलं.

म्हणून 'आदिमानव दुप्पट पळायचा' हे मला आता सोयीचं वाक्य वाटतं. ते मानलं की पहाटे उठायची गरजच उरत नाही. इनामगावचा तो तर्क बरोबर असेल, तर तिथल्या लोकांचा पायांवर भलताच विश्वास होता: मेलेला माणूसही चालू लागेल, एवढा.