अकरा वाजताचा डिस्चार्ज

16 जून 2025, सोमवार. मिरज

आज मुलाखती झाल्या. जागा एकच, असिस्टंट मॅनेजर, ऑपरेशन्स. अर्जांच्या ढिगातून तिघांना बोलावलं होतं. पहिला पुण्याचा, हॉस्पिटल मॅनेजमेंटमधला एमबीए. दुसरी बीएचएमएस करून मग एमएचए केलेली. तिसरी आमच्याच मेडिसिन वॉर्डाची इनचार्ज सिस्टर. तीन वर्षांचं जीएनएम, पुढे नोकरी सांभाळून दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी., आणि आता दूरशिक्षणातून रुग्णालय व्यवस्थापनाचा डिप्लोमा. तिची फाइल उघडल्यावर संचालक सरांच्या कपाळावर आठी. "नर्सिंगमधून एकदम मॅनेजमेंटला?" मीही त्याच वाटेनं क्वालिटी विभागात आले, हे सर सोयीनं विसरतात.

तिघांनाही मी एकच प्रश्न विचारला. सकाळी अकराच्या राउंडला डॉक्टरांनी पेपरवर 'डिस्चार्ज' लिहिलं, तर पेशंट गाडीत कधी बसेल?

एमबीए मुलानं टर्नअराउंड टाइम, डॅशबोर्ड सगळं व्यवस्थित सांगितलं आणि दोन तास म्हणाला. डॉक्टरबाई म्हणाल्या, समरी लवकर झाली तर तीन. सिस्टरनं उलट मलाच विचारलं, "मॅडम, कॅश की कॅशलेस? आणि वार कुठला धरायचा? शनिवारी बिलिंगला दुपारनंतर एकच जण असतो."

सर म्हणाले, "उत्तर दिलंच नाही तिनं." निर्णय पुढच्या आठवड्यावर गेला. म्हणजे जुलैवर.

17 जून, मंगळवार

कालचा प्रश्न डोक्यात होता म्हणून आज एका फाइलीच्या मागे मागे हिंडले. तासगावचे काका, हर्नियाचं ऑपरेशन, कॅशलेस.

11.10 ला डिस्चार्ज लिहिला. समरी लिहायची ती आरएमओंनी, आणि त्यांना त्याच वेळी कॅज्युअल्टीत बोलावलं. समरी झाली 12.20 ला. तोवर वॉर्डातून न वापरलेली दोन इंजेक्शनं आणि एक आयव्ही सेट फार्मसीला परत करायला मामांच्या हाती दिले होते. मामा तसेच परत आले. "फार्मसीवाले म्हंतेत ओपीडीची गर्दी हटू दे, मग या." औषध परत घेतल्याची नोंद पडल्याशिवाय बिल बंद होत नाही. ती पडली दीडला. मग लॅबचा एक चार्ज राहिलेला निघाला. शेवटचं बिल विमा कंपनीकडं गेलं तेव्हा 2.15 झाले होते. मंजुरी आली 3.50 ला.

विमा नियामकानं मे 2024 मध्ये काढलेल्या परिपत्रकात स्पष्ट आहे, डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांच्या आत. उशीर झाला तर त्यापुढचा जादा खर्च कंपनीच्या माथी. नातेवाइकांना वाटतं घड्याळ अकराला सुरू होतं. ते सुरू होतं आमची मागणी पोचल्यावर. आज कंपनीनं दीड-पावणेदोन तास घेतले आणि आम्ही तीन. काकांचा मुलगा काउंटरवर कंपनीला शिव्या घालत होता, आणि आमचा बिलिंगवाला त्याच्या सुरात सूर मिसळत होता.

मेडिसिन वॉर्डात हे होत नाही. तिथं डॉक्टर संध्याकाळच्या राउंडला "उद्या सोडू" म्हणाले की सिस्टर रात्रीच्या आधी औषधं परत पाठवते आणि लॅबला फोन करून बाकीचे चार्ज टाकून घेते. त्यासाठी सॉफ्टवेअर लागलेलं नाही.

तरी डिग्रीला नावं ठेवणार नाही. एमएचए करताना औषधसाठ्याचं एबीसी-व्हीईडी विश्लेषण शिकले नसते, तर आमच्या स्टोअरमध्ये महागडी आणि क्वचित लागणारी औषधं पडून का राहतात आणि साधं अॅड्रेनलिन का संपतं, हे मला वॉर्डात उभं राहून कधीच कळलं नसतं. सिस्टरला आज एका खाटेमागचा रोजचा खर्च काढायला सांगितला तर ती अडखळेल. पण ते दोन महिन्यांत शिकवता येतं.

19 जून, गुरुवार

रात्री गडहिंग्लजहून ताईचा फोन. नीटचा निकाल लागल्यापासून घरात सुतक. भाचीला एमबीबीएस मिळणार नाही, बीडीएसही अवघड. ताईला कुणीतरी सांगितलंय, बारावीनंतर हॉस्पिटल मॅनेजमेंटचं बीबीए कर, एसीत बसायची नोकरी.

भाची फोनवर आली. "मावशी, तू सांग. मी ऐकते. आईसमोर सांग पण."

मी सांगितलं ते असं. अठराव्या वर्षी मॅनेजमेंटची डिग्री घेऊ नको. आधी हाताला काहीतरी येऊ दे. तिनं नर्सिंगची सीईटी दिली होती हे नशीब. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, त्याला फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी लागतं, ते तिच्याकडं आहे. नर्सिंग नको असेल तर डायलिसिस, ऑपरेशन थिएटर, लॅब, रेडिओलॉजी. जिल्ह्याजिल्ह्यांत डायलिसिसची मशिनं आली, ती चालवणारी माणसं त्या मानानं आली नाहीत. 2021 च्या केंद्रीय कायद्यानं अशा पन्नासहून जास्त व्यवसायांना एका नोंदणीखाली आणायचं ठरवलंय. म्हणून कॉलेज बघताना इमारत आणि 'शंभर टक्के नोकरी'चा फ्लेक्स बघायचा नाही. त्या कोर्सवर कौन्सिलची नोंदणी मिळते का, हे लेखी विचारायचं. बसस्टँडसमोरच्या इन्स्टिट्यूटचं सर्टिफिकेट घेऊन आलेली मुलं माझ्यासमोर रडलेली आहेत. काम येतं त्यांना, पण नोंदणी नाही म्हणून मी घेऊ शकत नाही.

मॅनेजमेंट पुढं कधीही करता येतं. एमएचए दोन वर्षांचं आहे, मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत चांगलं शिकवतात. डॉक्टर होऊन या बाजूला यायचं असेल त्यांच्यासाठी पुण्याच्या एएफएमसीत हॉस्पिटल अॅडमिनिस्ट्रेशनमध्ये एमडीसुद्धा आहे.

ताई मध्येच म्हणाली, "म्हणजे पोरीनं बेडपॅन उचलायचे?"

मी म्हटलं, मी उचललेत. ती गप्प झाली, पण पटलं नाही. आपल्याकडं शंभर वर्षांपूर्वी रमाबाई रानड्यांच्या सेवासदनानं विधवा आणि घरंदाज बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हा पुण्यातल्या ताया असंच बोलल्या असणार.

24 जून, मंगळवार

जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावातली एक आजी, पित्ताशयाचे खडे, नऊला ऑपरेशन. जन आरोग्य योजनेत बसत होती, रेशनकार्ड ठीक, आरोग्यमित्रानं काल मंजुरीही आणली होती. सकाळी प्री-ऑप चेकलिस्ट भरणाऱ्या नव्या सिस्टरनं विचारलं, "आजी, उपाशी आहात ना?" आजीनं मान हलवली. चौकोनात बरोबरची खूण झाली.

ट्रॉली ढकलायला आलेली मावशी त्याच पट्ट्यातली. तिनं जाता जाता सहज कन्नडमध्ये विचारलं, जेवण झालं का, "ऊटा आतेन?" आजी खुशीत म्हणाली, "आत्रि." पहाटे सुनेनं आणलेली भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन झाली होती.

ऑपरेशन उद्यावर गेलं. भरल्या पोटी भूल दिली असती तर अन्न फुप्फुसात जायची भीती, हे नव्या सिस्टरलाही ठाऊक आहे; परीक्षेत तिनं ते लिहिलेलं असणार. तिला कन्नड येत नाही एवढंच. 1894 मध्ये डॉ. वॉनलेस यांनी इथं रुग्णालय उघडलं तेव्हापासून मिरजेला पेशंट कर्नाटकातून येतात. आजही अथणी, जमखंडी, विजापूरच्या माणसांनी आमची ओपीडी भरलेली असते. आणि आमच्या एकाही जाहिरातीत 'कन्नड येणे आवश्यक' असं लिहिलेलं नाही. 'एमएस ऑफिस येणे आवश्यक' मात्र असतं.

रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या निकषांत पेशंटला समजेल अशा भाषेत माहिती आणि संमती असं आहेच. आम्ही कन्नडमध्ये छापलेला फॉर्म दाखवतो आणि गुण घेतो. आजीला वाचता येत नाही. मावशीला दुभाष्याचं दोन दिवसांचं रीतसर प्रशिक्षण आणि त्याचा भत्ता द्यावा, असा प्रस्ताव आज टाकला. एचआरनं विचारलं, कुठल्या हेडखाली?

27 जून, शुक्रवार

सीएसएसडीत, म्हणजे निर्जंतुकीकरण विभागात, सकाळी साडेसहाला गेले. ऑटोक्लेव्हची रोजची पहिली फेरी रिकामी लावायची, आत फक्त बोवी-डिकचं पाकीट. 134 अंशांवर साडेतीन मिनिटं. बाहेर काढून मधला कागद बघायचा, रंग सगळीकडं सारखा बदलला पाहिजे. मध्ये फिकट डाग राहिला तर आत हवा अडकली, म्हणजे वाफ कपड्याच्या गठ्ठ्यात आतपर्यंत पोचणार नाही.

आज डाग होता. आठ आण्याएवढा, कडेला पिवळट. मला आधी दिसलाच नाही. टेक्निशियननं कागद खिडकीकडं धरला आणि म्हणाला, "नाही मॅडम, मशीन बंद." दाराच्या रबरी गॅस्केटवर त्याचा संशय. बारावी शिकलेला माणूस, कोर्स नंतर केला. दुसऱ्या मशीनवर सगळा भार आला, ओटीची यादी दीड तास लांबली, आणि एक ज्येष्ठ सर्जन फोनवर त्याला नको ते बोलले. "एका डागासाठी?"

या खात्यात मॅनेजर म्हणून जो कुणी येईल, त्यानं त्या फोनच्या वेळी मध्ये उभं राहायचं असतं. मशिनचा लॉग, व्हॅलिडेशन, एनएबीएचच्या सहाव्या आवृत्तीचे 639 घटक, हे सगळं पाठ असून सर्जनसमोर तोंड उघडत नसेल तर पुढच्या वेळी टेक्निशियन कागद खिडकीकडं धरणार नाही. मी सर्जनना सांगितलं, मशीन मी बंद करायला लावलं. ते माझ्यावर ओरडले. ते चालतं, माझा पगार त्याच्याहून जास्त आहे.

गॅस्केटच निघालं. दुपारी बदललं.

2 जुलै, बुधवार

काल रात्री साडेदहाला न सांगता ड्रिल घेतलं. प्रश्न साधा होता, एनआयसीयूच्या बाहेर धूर दिसला तर या मजल्याचा ऑक्सिजन कुठून बंद करायचा आणि बंद करायला कुणी सांगायचं?

9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाच्या आगीत दहा बाळं गेली. त्याच वर्षी 21 एप्रिलला नाशिकला टाकीतून ऑक्सिजन गळून दाब पडला आणि किमान 22 पेशंट गेले. त्यानंतर सगळ्या रुग्णालयांत फायर ऑडिटच्या फाइली जाड झाल्या. आमचीही जाड आहे.

रात्रपाळीच्या चौघींपैकी दोघींना झोन व्हॉल्व्हची पेटी माहीत होती. एकीनं फायर एक्स्टिंग्विशरची पिन बरोबर काढून दाखवली. सिक्युरिटीच्या माणसाला मागच्या जिन्याची किल्ली कुठं असते ते माहीत नव्हतं, कारण तो सोमवारीच रुजू झालेला. आणि व्हॉल्व्हच्या पेटीसमोर कुणीतरी लिननची ट्रॉली लावून ठेवली होती. ती हलवायला मला एकटीला जमेना, चाक अडकलेलं.

आज पेटीसमोरच्या फरशीवर पिवळे पट्टे मारून घेतले. सिस्टरांना व्हॉल्व्ह प्रत्यक्ष फिरवायला देता येत नाही, पुढं पेशंट आहेत. मेंटेनन्सकडून एक जुना व्हॉल्व्ह मागितलाय, तो टेबलावर ठेवून सराव करून घेऊ.

7 जुलै, सोमवार

काल आषाढी, आज मीटिंग. निर्णय झाला. सरांना एमबीए मुलगा हवा होता, मला सिस्टर. विश्वस्तांपैकी एकानं, साखर कारखाना चालवलेला माणूस, विचारलं, "चिटबॉय कोण आणि चीफ केमिस्ट कोण, एवढं सांगा." हसले सगळे. पण मग त्यांनी खरा प्रश्न विचारला, धर्मादायच्या दहा टक्के मोफत आणि दहा टक्के सवलतीच्या खाटा रोज किती भरल्या, हे तिघांपैकी कोण सांगू शकेल? बिलाच्या दोन टक्के रक्कम गरीब रुग्ण निधीत जाते, ती आपण खर्च करतो की नुसती साठते?

मोफत खाटा रोज फळ्यावर लिहिणारी सिस्टरच होती. निधी साठतो की नाही, ते एमबीए मुलानं ताळेबंदावरून अर्ध्या तासात काढून दिलं असतं, हेही मला मान्य.

सिस्टरला जागा मिळाली, सहा महिने प्रोबेशन. मुलाला सर ठेवून घेणार आहेत, बिलिंग आणि टीपीए डेस्कला. मी अट घातली, पहिले पंधरा दिवस त्याला टेबल नाही. वॉर्डात, फार्मसीत, रात्रपाळीत फिरायचं. त्याला निरोप दिला तेव्हा "चालेल मॅडम" म्हणाला. आवाजात खळखळ नव्हती.

पगाराचं मात्र अडलं. नर्सिंगमधली तिची सीनिऑरिटी मॅनेजमेंटच्या ग्रेडला मोजायची नाही, असं एचआरचं म्हणणं. म्हणजे तिला मिळेल ते त्या मुलाच्या पगाराहून कमी. उद्या भांडायचं आहे.

11 जुलै, शुक्रवार

पगाराचं मिटलं, थोडं तिच्या बाजूनं. आता तिच्या वॉर्डाला इनचार्ज कोण? मेट्रन माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचं बरोबर आहे. एक चांगली बाई उचलून वर नेली की खाली खड्डा पडतोच, आणि तो भरायचा त्यांना.

आज स्टाफ नर्सचा वॉक-इन ठेवला होता. पाच जणी आल्या. एकीची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी संपलेली, पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं राहून गेलेलं. तिला कागद करून या म्हणून सांगितलं. एक आयसीयूची उत्तम, पण आखाताची परीक्षा पास होऊन बसलेली, व्हिसा आला की जाणार. दोघी सांगलीला जर्मनच्या क्लासला जातात, एक बी-वन झालेली, दुसरी पहिल्याच पायरीला. राज्य सरकारनं 2024 मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्गशी मनुष्यबळाचा करार केल्यापासून या क्लासांना बरे दिवस आलेत.

बी-वनवालीला विचारलं, किती दिवस राहशील? ती सरळ म्हणाली, "बी-टू होईपर्यंत मॅडम. वर्ष धरा." मी तिला घेतलं. वर्षभर प्रामाणिकपणे काम करणारी सिस्टर आज मिळते कुठं.

पाचवीला कन्नड येतं. जमखंडीची आहे, अनुभव शून्य. तिला मेडिसिन वॉर्डात टाकलं आणि नव्या असिस्टंट मॅनेजरबाईंना सांगितलं, वर जायच्या आधी हिला संध्याकाळी औषधं परत पाठवायला शिकव.