ब्रश

जत्रेतल्या नाटकाची बाबांची जुनी वही मी वर्डमध्ये उतरवत होतो. वहीत पात्रांची नावं लाल शाईत. प्रत्येक नाव निवडून लाल, ठळक करता करता बोटं दुखली. शेवटी भाचीने युक्ती दाखवली. एक नाव सजवून निवडायचं, 'फॉरमॅट पेंटर'च्या ब्रशवर दोनदा क्लिक करायचं, मग बाकीच्या नावांवरून ब्रश फिरवत जायचं. शब्द तेच राहतात, रूप तेवढं उतरतं. थांबायचं तर एस्केप. एक्सेलमध्येही हेच चालतं.

एकदा एस्केप दाबायला विसरलो. बाबांनी समासात लिहिलेल्या सूचनेवरून ब्रश फिरला : 'इथे थांब, लोक हसतील.' ती लाल झाली, जणू तेही एक पात्र. बाबा आता नाहीत. ती ओळ मी तशीच लाल ठेवली आहे.