पासवर्ड दोन असतात

लहान ऑफिसांची नेटवर्क बसवून देणं हा माझा धंदा. ठाण्यातल्या एका सीए मॅडमनी जुलैत बोलावलं. रिटर्न भरायची घाई, आणि नेट रांगतंय ही तक्रार. लाइन ठणठणीत होती. मग ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून राउटरचं पान उघडलं. नाव ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन. पहिल्या फटक्यात आत!

“अहो, पासवर्ड तर मागच्याच महिन्यात बदललाय,” मॅडम म्हणाल्या. बदलला होता तो वायफायचा. राउटरचा वेगळा असतो, हे जोडणी करून गेलेल्या मुलाने सांगितलंच नव्हतं. बहुतेक ठिकाणी सांगत नाहीतच. वायफायच्या पासवर्डने माणूस नेटवर्कमध्ये येतो. राउटरचा पासवर्ड हाती असला, की नावावरून साइट शोधून देणाऱ्या डीएनएसचा पत्ता बदलून तो तुम्हाला बँकेऐवजी भलत्याच ठिकाणी पाठवू शकतो. शेकडो लोकांचे पॅन आणि आधार सांभाळणाऱ्या ऑफिसात हे जास्तच गंभीर.

जोडलेल्या उपकरणांच्या यादीत एक स्मार्ट टीव्ही निघाला. ऑफिसात टीव्हीच नव्हता. आर्टिकलशिपची मुलं एकमेकांकडे बघायला लागली. खालच्या सलूनवाल्याला पासवर्ड त्यांच्यातल्याच एकाने दिला होता. बदल्यात काय मिळालं, ते त्याच्या हेअरकटवरून कळत होतं.

सगळे हसले. मी मात्र त्यांना २००८ ची गोष्ट सांगितली. अहमदाबादच्या स्फोटांच्या तोंडावर अतिरेक्यांचा ईमेल सानपाड्यातल्या एका अमेरिकन भाडेकरूच्या वायफायवरून गेला. तपास आधी पोचला तो त्याच्याच दारात. त्यानंतर माटुंग्यातल्या एका कॉलेजचं आणि चेंबूरच्या एका कंपनीचं वायफायही तसंच वापरलं गेलं. पुढच्या वर्षी मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय शोधायची मोहीम जाहीर केली. हे ऐकल्यावर हसणं थांबलं.

राउटरचा पासवर्ड बदलला, वायफायचाही बदलला, फर्मवेअर ताजं केलं, बाहेरून राउटर उघडायची सोय बंद केली. पिन टाकून वायफायला जोडायची डब्ल्यूपीएस नावाची सोयही बंद. त्याचा पिन आठ आकडी दिसतो, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता ताळ्याचा. म्हणून जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ मध्येच उघड झालंय. आणि पिन सापडला, की वायफायचा नवा पासवर्डही त्यातूनच मिळतो. वायफायच्या सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ ठेवलं, एईएस कूटलेखनासह. त्यांच्या राउटरला त्यापुढचं डब्ल्यूपीए३ येत नव्हतं. जुना प्रिंटर एईएसला तयार होईना, त्याला सरळ केबल जोडली. एका म्हाताऱ्या प्रिंटरसाठी अख्ख्या ऑफिसची सुरक्षा उतरवायची नसते.

क्लायंट आणि मुलांच्या मोबाइलसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं काढलं. सीसीटीव्हीचा डबाही तिकडेच ढकलला. मॅडमच्या भाच्याने फोनवरून नेटवर्कचं नाव लपवायला सुचवलं. मी नाही म्हटलं. साध्या मोफत सॉफ्टवेअरला लपवलेलं नावही दिसतं. त्रास होतो तो घरच्यांनाच.

तुमचा राउटर उलटा करून बघा. खालच्या स्टिकरवर छापलेल्या नाव-पासवर्डने त्याचं पान अजून उघडत असेल, तर ते आजच बदला.